सुधारणेला वाव आहे

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, त्या सगळ्या वर्षांत मी कुणाचंही तोंड भरून कौतुक केलं नाही. कौतुक केलं की पोरं डोक्यावर चढतात, असं माझे मास्तर म्हणायचे, ते मी गाठीला बांधून ठेवलं. पहिल्या आलेल्या मुलीच्या वहीवरही मी लिहायचे, ‘सुधारणेला वाव आहे.’ रिटायर होऊन कोळवणला राहायला आले तरी खोड गेली नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, दुसरं काय!

माझ्या शेवटच्या बॅचला मुळशीची एक मुलगी होती. वडील धरणात जाळं टाकून मासे धरायचे. समुद्र तिनं पहिल्यांदा पाहिला तो आमच्या सहलीत, आणि तिथल्या बंदरावरच तिचा जीव अडकला. मोठ्या बोटींच्या जाळ्यांत शार्कची हातभर पिल्लं येतात, ती सुकवून विकतात. कुठल्या महिन्यात येतात, कुठून येतात, याची नोंद ठेवायला सुट्टी मिळाली की ही एसटीनं कोकणात उतरायची. शहरातले संशोधक दिसले की तिथले कोळी तोंड फिरवायचे. ही मात्र फतकल मारून बसायची आणि त्यांचं फाटकं जाळं विणायला घ्यायची. तासाभरात बोटीचा तांडेल आपणहून सांगायला लागायचा, पिल्लं कुठल्या खडकापाशी सापडली ते. असं काम मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही. तिला मात्र एवढंच म्हणाले, ‘तक्ते नीट काढ.’

मग समुद्रातले जीव वाचवण्यासाठी तरुणांना मदत करणाऱ्या एका संस्थेची फेलोशिप निघाली. ती मिळाली तर काम पुढं जाणार, नाही मिळाली तर गपगुमान घरी यायचं, असं वडिलांनी बजावलं होतं. शिफारसपत्र माझं.

मी लिहिलं: नियमित आहे, मेहनती आहे, थोडी हट्टी आहे, सुधारणेला वाव आहे. जाळ्याची गोष्ट आधी लिहिली होती, मग खोडली. शिफारसपत्रात कसली आलीय सुई न् दोरा!

आठवड्यानं संस्थेतल्या एका तरुणाचा फोन आला. बिचारा चाचरत म्हणाला, ‘मॅडम, बाकीची पत्रं फार वेगळी आहेत हो. असा विद्यार्थी पुन्हा होणे नाही, असं लिहितात लोक. तुमचं वाचून समितीला वाटतंय, तुमचाच तिच्यावर भरवसा नाही. उद्यापर्यंत दुसरं पाठवलंत तरी चालेल.’

मला झोंबलं. कालचं पोर मला पत्र लिहायला शिकवणार? ‘खोट्या कौतुकाचा बाजार माझ्याकडे मांडू नका,’ म्हणाले, ‘लिहिलंय ते लिहिलंय.’ आणि फोन आपटला. खोटं कसलं, डोंबल! खरं होतं तेवढंही मी लिहिलं नव्हतं.

फेलोशिप दुसऱ्या एका मुलाला मिळाली. तोही वाईट नसेल. त्याच्या मास्तरांना लिहायची लाज वाटली नाही, एवढंच.

मागच्या रविवारी ती आली. पिशवीत वडिलांनी धरलेला कटला. धरणाकाठच्या रिसॉर्टवर कामाला लागलीय. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना लाईफ जॅकेट बांधून होडीत बसवते. शार्कच्या नोंदींच्या वह्यांचं विचारलं तर म्हणाली, ‘माळ्यावर टाकल्यात.’ चहा संपला तरी कप हातातच धरून बसली होती.

‘बाई, पत्रात काय लिवलं व्हतं तुमी?’

मी तिच्या हातातला कप काढून घेतला. ‘चांगलंच लिहिलं होतं गं,’ म्हणाले.

‘मला ठावं हाय,’ ती आल्यापासून पहिल्यांदा हसली. ‘आयला बी त्येच सांगितलं मी. बाई तोंडावर कवा बोलल्या न्हाईत, पर कागदावर लई चांगलं लिवलं आसंल. माजंच काम कमी पडलं.’

निघताना तिनं वाकून नमस्कार केला. मी करू दिला.