एका भाकरीला एक शब्द

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन बरं नाही आणि अक्षर त्याहून वाईट आहे. कुणी वाचावं म्हणून हे लिहीत नाही, पण कुणाच्या हाती पडलंच तर माफ करा. मी चौथी शिकले ती अक्कलकोटच्या पलीकडच्या गावात, कानडी शाळेत. हाताला गोल अक्षरांची सवय, त्यामुळे माझं मराठीही गोल येतं. कानडीत मराठीसारखी वरून सलग रेघ नसते. मी आधी ओळभर अक्षरं लिहिते आणि मग धुण्याच्या दोरीसारखी एक लांब रेघ वरून ओढते. कधी ती राहूनच जाते.

ही वही माझ्या मुलीची. पुढच्या अर्ध्या पानांवर तिचे जर्मन शब्द आहेत. मागची कोरी राहिली, ती मी घेतली.

आमचं घर शहरात, बाळीवेशीत. मामंजींचं भुसाराचं दुकान होतं, ज्वारी, डाळी, शेंगदाणे. माझे घरचे, म्हणजे माझा नवरा, त्याच दुकानात बसायचे. घरात कानडी, समोर विणकरांची तेलुगू, मागच्या बोळात उर्दू आणि शाळेत मराठी. मी सोळाव्या वर्षी लग्न होऊन आले तेव्हा मला यातली पहिलीच येत होती. भाजीवालीशी बोलायचं म्हणजे बोटं दाखवायची. बाकीच्या भाषा मला कुणी शिकवल्या नाहीत. नळावर रांगेत उभं राहून आल्या, आणि मराठी अक्षरं पुढे मुलीच्या पाटीवरून.

पण बोलायची मी कमीच. आणि मामंजींशी तर एक शब्दही नाही. भांडण नव्हतं, रीत होती. सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही. काही सांगायचं असलं तर सासूबाईंना सांगायचं, त्या त्यांना सांगायच्या. सासूबाई गेल्यावर ते काम माझ्या मुलीकडे आलं. तेव्हा ती चार वर्षांची होती. मामंजी जेवायला बसायचे, मी दाराआड उभी, आणि ती मधे.

"अज्जा, अव्वा विचारते, अजून भाकरी वाढू का?"

"अर्धी म्हणावं."

"अव्वा, अर्धी."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी असायचे. त्यांना माझं ऐकू यायचं, मला त्यांचं. तरी निरोप तिच्याकडूनच जायचा. अशी सतरा वर्षं गेली.

जुनी अकरावी बंद होऊन दहावी आली, त्यानंतरच्या वर्षातली ही गोष्ट. मुलगी चांगल्या मार्कांनी दहावी पास झाली आणि अकरावीचा फॉर्म घेऊन घरी आली. फॉर्मात एक भाषा निवडायची होती. संस्कृत, कानडी, नाहीतर जर्मन. जर्मन त्या वर्षी नवीनच सुरू होत होती. शिकवणारे सर पुण्याहून यायचे, आठवड्यात तीन दिवस. म्हणून त्याला वेगळी फी होती आणि शब्दकोशही विकत घ्यावा लागणार होता. सगळे मिळून एकशे चाळीस रुपये. पालकांच्या सहीचा फॉर्म शनिवारी दुपारपर्यंत द्यायचा होता.

ती चुलीपाशी येऊन बसली.

"अव्वा, काय करू गं?"

"तुला काय वाटतं?"

"संस्कृतला मार्क पडतात. सगळ्या तेच घ्यायलेत. जर्मन म्हणजे पहिल्यापासून सुरुवात, आणि दोन वर्षांत बोर्डाची परीक्षा. भीती वाटते."

"मग संस्कृत घे की."

"पण अव्वा," असं म्हणून ती हसायला लागली. फॉर्म वाटताना त्या सरांनी वर्गात जर्मनची एक ओळ म्हणून दाखवली होती. सगळ्या पोरी फिदीफिदी हसल्या, हिनं ती तशीच्या तशी म्हटली. सरांनी विचारलं, घरी काय बोलता? कानडी. शाळेत? मराठी. गल्लीत? तेलुगू, उर्दू. सर म्हणाले, "अगं मग पाचवीला कशाला घाबरतेस?"

हे सांगताना तिचा चेहरा मी पाहिला. भीतीबिती काही नव्हती तिथं. तिचं ठरलं होतं, फक्त कुणीतरी 'घे' म्हणायला हवं होतं.

ते म्हणायचा मान मामंजींचा.

शुक्रवारी दुकानात जाऊन तिनंच विषय काढला. मामंजी म्हणाले, "जर्मन? ती माणसं काय ज्वारी मागायला येणार हाईत का आपल्याकडं?" दुकानातला हमालही हसला म्हणे. माझे घरचे वडिलांपुढे कधी बोलत नसत, तेव्हाही बोलले नाहीत. ती घरी आली आणि म्हणाली, "राहू दे अव्वा. संस्कृतच भरते." आणि तिनं पेन्सिलीनं संस्कृतपुढे खूण केली. पेन्सिलीनं केली, हे माझ्या लक्षात राहिलं.

शनिवारी सकाळी मामंजींची लिंगपूजा झाली, कपाळाला विभूती लावून ते पाटावर बसले. शेजारी माझे घरचे. मुलगी नळावर गेली होती. मी आमटीचं पातेलं हलवत होते.

मामंजी म्हणाले, "फॉर्म आण म्हणावं. संस्कृतवर सही करतो आणि दुकानात जातो."

घरचे म्हणाले, "बरं."

मला सांगायचं होतं की थांबा. पण सांगणार कुणाकडून? सतरा वर्षं माझं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून गेलं, आणि आता जिच्या तोंडून जायचं तिचीच गोष्ट होती. ती स्वतःची वकिली कशी करणार? आणि ती नळावर. मी पळी हातात घेऊन उंबऱ्याच्या बाहेर आले. कशी आले ते मला आजही सांगता येत नाही.

"मामंजी, तिला जर्मन घेऊ द्या."

आम्ही कानडीत बोललो, मी इथं मराठीत लिहिते आहे. घरच्यांचा घास हातातच राहिला. मामंजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते भिंतीकडे बघून म्हणाले, "कोण बोललं रे?"

"ही," घरचे म्हणाले.

"हिला आवाज हाय?"

आता परत आत जावं असं वाटलं. पण पाय हललेच नाहीत, म्हणून बोलत राहिले. मी म्हणाले, "मी आले तेव्हा मला मराठीत मीठसुद्धा मागता येत नव्हतं. आता तेलुगू येते, उर्दू कळते. मी चौथी शिकलेली. मला आलं तर तिला का येणार नाही? सगळ्या एकाच दारातून जातात, म्हणून तिनंही तिथूनच जायचं का?"

एवढं लांब मी आयुष्यात बोलले नव्हते. मामंजी मग म्हणाले, "पळी आत ठेव आधी."

मी खाली पाहिलं. पळीतली आमटी त्यांच्या धुतलेल्या धोतरावर टपटप पडत होती. पिवळे डाग, एक दोन नाही, पाच-सहा. मला रडू यायला लागलं आणि त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. ते हसू होतं हे मला फार उशिरा कळलं.

धोतर बदलून ते परत आले. एकशे चाळीस रुपये त्यांनी उंबऱ्यावर ठेवले, कारण सुनेच्या हातात द्यायचे नसतात.

"हे उसने," ते घरच्यांकडे बघून म्हणाले. "नातीला न्हाय, हिला. हिनं शब्द टाकलाय, हिनं फेडायचे. आणि पोरगी नापास झाली तर शिक्षण तितंच बंद. सांग हिला."

घरचे माझ्याकडे वळले. ते काही बोलायच्या आत मी म्हणाले, "ऐकलं मी. फेडीन."

मुलगी घागर घेऊन आली तेव्हा मी फॉर्म पाटावर ठेवून खोडरबर शोधत होते.

पहिल्या सहामाहीत तिला शंभरात एकतीस मिळाले. मामंजी म्हणाले, "एकतिसात आमचा तराजूबी हलत न्हाय. वार्षिकालाबी असंच झालं तर शिक्षण बंद." ती दोन दिवस नीट जेवली नाही. मला वाटलं, आपणच पोरीला खड्ड्यात घातलं. संस्कृत घेतलं असतं तर सत्तर पडले असते. त्या दोन दिवसांत मी देवाला काय काय बोलले ते लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी मी तिला म्हणाले, "वहीत ते शब्द मराठी अक्षरांत लिहून दे. अर्थ शेजारी. मी विचारते, तू सांग."

आता फेडण्यासाठी मी कडक भाकरी करायला लागले होते. पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग निखाऱ्याभोवती उभी करून ठेवायची, पापडासारखी होईपर्यंत. महिनाभर टिकते. सोबत शेंगाची चटणी, उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली. मला विकायला जायची लाज वाटायची. पहिला गठ्ठा मुलगीच सरांना देऊन आली, ते खोली घेऊन एकटे राहत म्हणून. सर तो पुण्याला घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या तिथल्या वाड्यातल्या चार घरांनी भाकरी मागवली. मग आठ घरांनी.

म्हणून रोज चाळीस भाकऱ्या व्हायच्या, आणि एका भाकरीला एक शब्द. मी पीठ थापताना वहीतून विचारायचे, ती भाकरी उलटायच्या आत उत्तर द्यायची. चुकलं तर पुढच्या भाकरीला परत तोच शब्द. वहीच्या पुढच्या पानांवर अजून ज्वारीच्या पिठाचे ठसे आहेत. एकदा ती वैतागली, "अव्वा, यांच्याकडं दार 'ती', खिडकी 'ते', प्रत्येक शब्दाची जात पाठ करायची." मी म्हणाले, "मराठीत तेच की. मला खुर्ची 'ती' का आणि टेबल 'ते' का, हे अजून कुणी सांगितलेलं नाही. मी विचारलंच नाही, म्हणत गेले." ती म्हणाली, "पुढचा शब्द विचार."

मामंजी ज्वारी मला दुकानाच्या भावानंच द्यायचे. एक पैसा कमी नाही. "धंदा म्हणजे धंदा," असं ते घरच्यांना सांगायचे, मी शेजारी उभी असताना. मीही दर महिन्याला पाच-सात रुपये उंबऱ्यावर ठेवायचे. ते उचलून घेत, काही बोलत नसत. मी जेवण वाढायला मात्र आता दाराआड उभी राहत नव्हते.

अकरावी ती पास झाली. बारावीचा निकाल लागला त्या दिवशी ती सात रस्ता चौकापासून पळत आली, रिक्षालासुद्धा थांबली नाही. चप्पल एका हातात. "अव्वा, शहात्तर!" जर्मनच्या सगळ्या पोरापोरींत पहिली. मी पिठाच्या हातांनीच तिला धरलं, तिचा नवा परकर पांढरा झाला. गिरणीचा भोंगा झाला, तोही आमच्यासाठीच वाजला असं मला वाटलं.

मामंजी दुपारी जेवायला आले. तिनं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "शहात्तर? शंभरात?" मग पाटावर बसले आणि म्हणाले, "संस्कृतवाल्या त्या शेजारच्या पोरीला किती?"

"बासष्ट, अज्जा."

"व्हय?" असं म्हणून त्यांनी त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

माझे शेवटचे अठरा रुपये राहिले होते. डब्यात ते कधीचे जमले होते, पण मी निकालाची वाट बघत थांबले होते. जेवण झाल्यावर मी ते आणून उंबऱ्यावर ठेवायला वाकले.

"खाली कशाला?" मामंजी म्हणाले. घरच्यांकडे बघून नाही, मुलीकडे बघूनही नाही. माझ्याकडे बघून. "हातात दे."

मी दिले. त्यांनी अंगठा जिभेला लावून एकेक नोट मोजली, सगळ्या अठरा, आणि बंडीच्या खिशात घातल्या.

"फिटले," ते मला म्हणाले.