सूतभर फट

पनवेलच्या मिस्त्रीने मला एकदा नाही, दोनदा सांगितलं होतं, "खणाच्या बाजूंना सूतभर फट सोड." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतारांचं माप. मी त्याला हसलो. तोंडावर हसलो, आणि वर म्हणालो, "मिस्त्री, फटच सोडायची तर सुतार कशाला हवा? फळ्या काय, कोणीही ठोकील." तो बिचारा पटाशी पुसत बसला. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, आणि लाकडातलं जगात दोघांनाच कळतं अशी माझी पक्की समजूत होती. एक माझा बाप, दुसरा मी.

बाप होड्या बांधायचा. होडीच्या कामात फट म्हणजे पाप. दोन फळ्यांमध्ये नख शिरलं तर तो फळी काढून फेकायचा आणि शिवी वेगळी. सांध्यात कापूस ठासायचा, त्यावर राळ. "लाकूड पानी पिऊन फुगला पायजे, आन् फुगून एकमेकाला घट धरला पायजे," असं तो म्हणायचा. नवी होडी पहिले चार दिवस गळते, मग लाकूड फुगतं आणि ती आपोआप बंद होते. हे मी दुधाच्या दातांपासून ऐकत आलो होतो. होडीपुरतं ते खरंही आहे.

मी बापाचा धंदा धरला नाही. मला गाडीचं वेड. पनवेलच्या एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर म्हणून लागलो. डॉक्टर पन्नाशीचे, एकटे, तिरसट, पण हाताला गुण होता. त्यांनी मिलिटरीच्या लिलावातली एक जीप घेतली होती. डाव्या हाताच्या स्टिअरिंगची, ताडपत्रीच्या टपाची, चारी चाकांना जोर देणारी. साठ सालाच्या आधीची ही गोष्ट. आज जिथे नवी मुंबईच्या सोसायट्या उभ्या आहेत तिथे तेव्हा भाताची खाचरं, मिठागरं आणि चिखल. रस्ता म्हणजे बांध, नाहीतर बैलगाडीची चाकोरी. सोमवारी तळोजा, बुधवारी तुर्भे, शुक्रवारी कामोठे आणि त्याच्या पुढची खाडीकाठची दोन-तीन गावं, असा आमचा फेरा असायचा.

अडचण एकच होती. औषधं मागे खोक्यात ठेवलेली, आणि जीप बांधावरून चालली की बाटल्या एकमेकींची डोकी फोडायच्या. एकदा तुर्भ्याला पोचलो तर खोकल्याचं औषध सगळं पट्ट्यांच्या कापसात जिरलेलं. डॉक्टर म्हणाले, "मिस्त्रीला सांगून मागे खण करून घे. टेबलाला असतात तसे, ओढायचे."

"मिस्त्री कशाला, साहेब? मी आहे ना!" मी छाती पुढे काढून म्हणालो. आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

वैशाखात काम काढलं. मागचं बाकडं उचकटलं. मागचा पत्रा कापून घेतला आणि स्टेपनी बाजूला टांगली, म्हणजे खण मागून उघडतील. बापाकडून ऐनाच्या फळ्या आणल्या. ऐनाचं लाकूड चिवट, घाव घातला तर कुऱ्हाड परत येते. दोन चाकांच्या कमानींमधली जागा दोरीने मोजली, बाप मोजायचा तशी. वर दोन खण, खाली दोन. मुठी लावल्या तर गुडघ्याला लागतात, म्हणून काथ्याच्या दोरीचे फास ओवले. बाहेरून मोरी माशाच्या तेलाचा हात मारला, होडीला मारतात तसा. पेशंट बायका महिनाभर विचारायच्या, "दाक्तर, गाडीन म्हावरा हाय काय?"

आणि फट? छे! एकेक खण असा बसवला की आत ढकलला की आतली हवा 'फुस्स' करून बाहेर यायची. मिस्त्रीला मुद्दाम बोलावून दाखवलं. त्याने बोट फिरवलं, एक खण ओढून बघितला, आणि म्हणाला, "काम झकास आहे. पावसाळ्यात बघ." मी म्हटलं, मेला जळतो माझ्यावर.

डॉक्टर मात्र खूष. डब्या, बाटल्या, कात्र्या, सगळ्याला जागा. त्यांच्या हातातल्या बॅगेचं वजन निम्मं झालं. बाळंतपणात रक्त थांबेना तर द्यायचं एक इंजेक्शन असतं, ते तोवर कायम त्यांच्या बॅगेत असायचं. ते गारव्यात ठेवावं लागतं. खण झाल्यावर ती डबी ओल्या फडक्यात गुंडाळून खालच्या उजव्या खणात गेली. लाल चिठ्ठी चिकटवून मीच ठेवली. फडकंही दर दोन दिवसांनी मीच भिजवायचो.

पावसाळ्यात वरचे खण जड झाले. मी कडांना मेणबत्ती घासली, साबण घासला, आणि ते चालू राहिले, कारण दर गावात दहादा उघडायचे. डॉक्टर एकदा म्हणाले, "रोज सकाळी चारी खण उघडून बघत जा रे." मी हो म्हणालो. पहिले काही दिवस बघितले. मग श्रावणात फेऱ्या वाढल्या, ताप-हगवणीचे पेशंट रांगेत उभे, आणि पावसात फडकं कुठे सुकतंय असं म्हणत खालच्या उजव्या खणाला हात लावायचं राहून गेलं. आठ दिवस तरी राहिलं. आत ओलं फडकं, खालून नाल्यांचं पाणी, वरून पाऊस. बापाचं लाकूड बापाच्या शब्दाला जागत होतं, पाणी पीत होतं आणि घट्ट धरत होतं.

तो शुक्रवार होता, सकाळचे दहा-साडेदहा. आम्ही कामोठ्याला होतो. खाडीकाठच्या गावातून एक माणूस धावत आला, चिखलाने कमरेपर्यंत माखलेला. त्याच्या बायकोचं पहिलं बाळंतपण. सुईणीने सोडवली, मुलगी झाली, वारही पडली, पण रक्त थांबत नव्हतं. त्याला पुढे बसवलं आणि जीप सोडली. वाटेतला नाला वाहत होता, पण आमच्या जीपला तो काय! चारी चाकांना जोर लावला आणि एका दमात पार. मी इतका खुशीत होतो की त्या माणसाला म्हणालो, "काळजी करू नको, वेळेत पोचलो आपण." खरंच वेळेत पोचलो होतो.

त्याच्या आईला मी ओळखत होतो. पनवेलच्या बाजारात मासळी विकायची. कधी वाटेत भेटली तर टोपलीसकट जीपमध्ये घ्यायचो, मावशी म्हणायचो. ती दारातच होती. डॉक्टर बॅग घेऊन आत गेले आणि लगेच आतून ओरडले, "खालचा उजवा! लाल चिठ्ठी! पळ!"

मी फासाला बोटं घातली आणि ओढलं. खण हलला नाही.

पुन्हा ओढलं. मग बंपरला पाय लावून, पाठ मागे टाकून ओढलं. काथ्या कट्‌कन तुटला आणि मी चिखलात बसलो. आता धरायला काही नव्हतं. नखं घातली तर नख शिरेना. अहो, शिरणार कुठून, मीच तर जागा ठेवली नव्हती! आतून डॉक्टरांचा आवाज, "अरे काय करतोस?" टॉमी काढली, चाकं खोलायची ती लोखंडी कांब. कडेला घातली, ती घसरली. घसरली की परत घातली. ऐनाचं लाकूड, कोपऱ्यांना बापाच्या पद्धतीचे सांधे, दणका घातला तर टॉमीच परत येत होती. मी रडत होतो, देवाला शिव्या देत होतो, बापाला देत होतो. शेवटी गाडीचा जॅक घेऊन दर्शनी फळीवर घाव घालत सुटलो. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. डॉक्टर परत ओरडले नाहीत, एवढं कळलं होतं.

फळी फुटली. आत हात घातला, ढलप्या मनगटात घुसल्या. डबीतल्या सहा कुप्यांपैकी चार माझ्याच घावांनी फुटल्या होत्या. दोन घेऊन आत पळालो. डॉक्टर दोन्ही हातांनी तिचं पोट दाबून धरत होते, कोपरांपर्यंत लाल. त्यांनी इंजेक्शन दिलं, मग दुसरं दिलं. ती माझ्याकडे बघत होती असं मला वाटलं, पण ती कोणाकडेच बघत नव्हती. वीस वर्षांचीही नसेल. कोपऱ्यात सुपावर गुंडाळलेली मुलगी आवाज करत होती.

थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आले. अंगणात वीस-पंचवीस माणसं जमलेली. नवरा डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत उभा. डॉक्टर म्हणाले, "उशीर झाला. वाटेत नाला भरला होता, गाडी अडकली." आणि माझ्याकडे बघितलं.

नवरा आमच्याबरोबर गाडीत होता! त्याला माहीत होतं नाला कसा पार केला ते. पण त्या क्षणी त्याला स्वतःचं नावही माहीत नसावं. त्याने मान हलवली. मीही हलवली. खोटं बोलायला तोंड उघडावं लागत नाही, मान पुरते.

परतताना डॉक्टर एकच बोलले, "उद्या चारी खणांना रंधा मार." त्यांनी मला शिवी द्यावी, कामावरून काढावं, गाडीतून ढकलून द्यावं, असं फार वाटत होतं. त्यांनी काही केलं नाही. मी रंधा मारला. मिस्त्रीकडे गेलो, मान खाली घालून त्याच्याकडून सगळं शिकलो, पट्ट्या कशा लावायच्या, कडा कशा तासायच्या. त्याने "मी सांगितलं होतं" असं म्हटलं नाही. पुढे एकही खण कधी अडकला नाही. म्हणून काय झालं? बैल गेला आणि झोपा केला.

त्या गावचा फेरा चुकवता येत नव्हता. पुढच्याच शुक्रवारी मावशीने मला हाक मारली, "ये रं, चहा घे." मला वाटलं जमीन दुभंगली तर बरं. ओट्यावर बसलो, बिनदुधाचा चहा प्यायलो. दर शुक्रवारी ती चहा द्यायची. डॉक्टर नातीला तपासायचे, टोचायचे. नात रांगायला लागली, चालायला लागली, जीपचं चाक धरून उभी राहायला लागली. मावशीचा मुलगा मुंबईला गोदीत लागला आणि सणावारापुरता घरी येऊ लागला. मावशी मला कधी वाकडं बोलली नाही. माझ्या मनात येई, बाईला काही कळलेलं नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, मला त्याचं बरं वाटे.

नऊ वर्षांनी डॉक्टर गेले. हृदय बंद पडलं, खुर्चीत बसल्या बसल्या. त्यांच्या पुतण्याने दवाखाना बंद केला आणि जीप विकली. मी तळोज्याला एका वीटभट्टीच्या ट्रकवर लागलो. पण आता दुसरा साक्षीदार राहिला नव्हता, आणि ती गोष्ट एकट्याने पोटात ठेवणं मला झेपेना. जेवण जाईना. बायको म्हणाली, कोणाची बाधा झाली की काय! एका दुपारी पायी निघालो, बांधाबांधाने त्या गावात गेलो.

मावशी ओट्यावर सुकट निवडत बसली होती. नात शाळेत गेलेली. मी तिच्यासमोर बसलो. तिने चहाचं विचारलं नाही.

"मावशी," मी म्हणालो, "त्या दिवशी नाला भरलेला नव्हता."

"मना ठाव हाय," ती म्हणाली. मानही वर केली नाही. "मी दारान उभी होते. तू पाय लावून खेचत होतास, तवाच बघला मी. दोरी तुटली, तीपन बघली."

मी विचारलं, "मग बोलली का नाहीस? नऊ वर्षं?"

"बोलले असते तर माझ्या पोरानं तुला तिथंच आडवा केला असता. मग दाक्तर परत आला असता काय या गावान? तवा आनखी तीन पोरी भरल्या दिवसांच्या होत्या. आन् ही तान्ही, आईबिगर." तिने सुकटीतला कचरा बाजूला फेकला. "गाडी येवाला पायजे होती. म्हनून तुला चहा दिला."

मी तिच्या पायांना हात लावायला वाकलो. तिने पाय आखडून पदराखाली घेतले.

"आता दाक्तर गेला, गाडी गेली," ती म्हणाली. "आता तुझा काय काम नाय. ऊठ माझे वट्यावरशी."

मी उठलो.