लिलावाच्या नोटिसा कापणारे करीमभाई

करीमभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या कॉलेजात मुलांना बँकेचा ताळेबंद वाचायला शिकवत होतो. खडू खाली ठेवला. फळ्याकडे बघायचीही लाज वाटली...

नांदेडात त्यांचं बुकबाइंडिंगचं दुकान. वाचनालयांच्या वर्तमानपत्रांच्या फायली बांधता बांधता आमच्या भागातल्या एका बँकेनं थकबाकीदारांच्या मालमत्तेसाठी काढलेल्या लिलावाच्या नोटिसा त्यांच्या डोळ्यांत भरल्या. जादा अंकांतून ते त्या कापून ठेवू लागले. मी मात्र त्याच बँकेचा शेअर घ्या म्हणून ओळखीच्यांच्या मागे लागलो होतो. भाव स्वस्त, लाभांश नेमाने, थकीत कर्ज घटतंय... आणखी काय हवं?

"सर, थकबाकी घटली हे अहवालात त्यांनीच छापलं. नोटिसा वाढल्या, त्या बी त्यांनीच छापल्या. मग मेळ का न्हाई?"

"करीमभाई, तुम्ही खळ लावा. आकडे मी बघतो."

"हाव, खळ मीच लावतो. म्हणून तर पान कुठं फाटलं ते मला दिसतं."

वार्षिक सभेत बोलता यावं एवढ्यासाठी त्यांनी एक शेअर घेतला आणि कात्रणं घेऊन उभे राहिले. अध्यक्ष म्हणाले, "चाचा, हे तुमचं काम न्हाई. प्राध्यापक बसलेत, त्यांना विचारा." सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "बँक भक्कम आहे." सभागृह हसलं. करीमभाई खाली बसले. बाहेर आल्यावर त्यांनीच मला चहा पाजला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्याच वर्षी जुनी बुडीत कर्जं नव्या कर्जांनी झाकल्याचं उघड झालं. शेअर कोसळला. माझ्या शब्दावर पैसे घातलेल्यांचे फोन मी घेतले, पण करीमभाईंना फोन करायचा धीर झाला नाही. आणि ते गेले.

अध्यक्ष अजून खुर्चीवर आहेत. भाभींनी, करीमभाईंच्या पत्नीनं, कात्रणांचा गठ्ठा माझ्या हाती दिला, तेव्हापासून दर रविवारी मी नांदेडला त्या दुकानात बसून त्याचं पुस्तक करतोय. माफीसाठी नाही. भर सभेत त्या अध्यक्षाला घाम फुटलेला मला बघायचाय. लोक विचारतात, सर, शेअर विकायचा का? विका, म्हणतो. माझे मी विकत नाही. शेअरवाचून मला त्या सभागृहात कोण घेईल?

नव्या नोटिसाही मीच कापतो, त्यांच्याच कात्रीनं. परवा अध्यक्षांच्या सख्ख्या मेहुण्याच्या गोदामाची निघाली. ती पहिल्या पानावर चिकटवली... खळ जरा जास्तच लावून.