डोंगरातला चर

कंपनीत सगळे त्यांना नकाशाबाई म्हणत. मोजणी कार्यालयात पंचवीस वर्षं त्यांनी हाताने नकाशे काढले होते. पेन्सिलीने डोंगराची एक बाजू अशी छायांकित करायच्या की कागदावरून बोट फिरवलं तर उतार लागेल असं वाटे. मग तिथे यंत्रं आली आणि हाताचं काम संपलं. बाई काही कपाळाला हात लावून बसल्या नाहीत. शाळेतलं गणित पुन्हा उकरून काढलं, पोरासोरांच्या वर्गात बसून संगणक शिकल्या आणि घाटात बस चालवायचं शिक्षण देणाऱ्या या कंपनीत लागल्या.

तिथल्या एका खोलीत खऱ्या बसची सीट, स्टिअरिंग, ब्रेक आणि समोर तीन मोठे पडदे होते. पडद्यावरचे डोंगर बाईंचे.

हे डोंगर म्हणजे नुसतं उंचीच्या आकड्यांचं जाळं. प्रत्येक बिंदूपाशी शेजारच्या उंचीवरून उतार काढायचा आणि त्या उतारावर काटकोनात एक बाण उभा करायचा. गणितात त्याला सदिश म्हणतात. बाई आपल्या 'काटा' म्हणत, साळिंदराच्या अंगावर असतो तसा. काटा सूर्याकडे रोखलेला असेल तर तिथे लख्ख ऊन, कलत गेला की ऊन मंद, पाठ फिरवली की काळोख. एवढ्या हिशेबावर सपाट पडद्यात दऱ्याखोरी उभी राहत.

पहिल्या चाचणीसाठी कंपनीच्या मालकिणीला खरा ड्रायव्हर हवा होता. बाई म्हणाल्या, घरातच आहे एक, तीस वर्षं घाट चढून-उतरून नुकताच निवृत्त झालेला. दुसऱ्या दिवशी त्यांचे यजमान इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाले. सीट मागे-पुढे करून पाहिली, नसलेला आरसा नीट करायला हातही वर नेला. बस निघाली. जरा पुढे जाते न जाते तोच त्यांनी करकचून ब्रेक मारला. थोड्या वेळाने पुन्हा. मालकीण बाईंकडे बघायला लागली. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, रस्ता मोकळा आहे की," त्या हळूच म्हणाल्या.

"मोकळा कुठला? चर खणलाय आडवा. थोड्या थोड्या अंतरावर आहे. तुला दिसत नाही?"

बाई वाकून बघू लागल्या. होता खरा. एक काळी रेघ आणि तिला लागून एक उजळ रेघ. डोंगर दुरून साजरे म्हणतात तेच झालं होतं; आजवर सगळ्यांनी पडद्यावरचे डोंगर उंचावरूनच पाहिले होते, रस्त्यावर कुणी उतरलंच नव्हतं.

दुपारी डबा बाजूला सारून बाईंनी कागदावर दोन चौकोन काढले. सगळा प्रदेश अशाच चौकोनांत तोडलेला होता आणि प्रत्येक चौकोनाचे काटे वेगळे मोजलेले. मग कडेच्या बिंदूला पलीकडचा शेजारी कुठून मिळणार? तो नाही म्हणून संगणक तिथली उंची शून्य धरून मोकळा होत होता. म्हणजे त्याच्या लेखी तिथे सरळ कडा! दोन्हीकडचे काटे आडवे होऊन एकमेकांवर रोखलेले, एक सूर्याकडे पाठ करून, एक तोंड करून. चरच की हा. बाईंना एकटीलाच हसू फुटलं.

उपाय सोपा होता. काटे मोजताना शेजारच्या चौकोनातली उंचीची एक ओळ उसनी घ्यायची.

संध्याकाळी यजमान पुन्हा सीटवर बसले. या वेळी बस एका लयीत चढत गेली. वळणामागून वळण, उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात. ब्रेक लागला तो थेट माथ्यावर.

"गाडी पाच मिनिटं थांबेल," ते सवयीने मोठ्याने बोलून गेले आणि अख्खी खोली हसली. मालकिणीने तर टाळ्याच वाजवल्या.

बाईंनी खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी घेतली. "चला, आता पलीकडे उतरू या. तिकडचं ऊन मी अजून पाहिलेलं नाही."

पुढे मालकिणीने यजमानांना आठवड्यातून दोन दिवस यायला सांगितलं, बाईंच्या डोंगरातल्या चुका काढायला. बाई म्हणाल्या, घरी हे काम ते फुकटच करत होते.