पट्टा संपलेली गल्ली

आमच्या गल्लीत चार बायका नळावर जमल्या की पूर्वी सासवांचे विषय निघायचे. आता सरकारी ऑफिसचे निघतात. एकीचा किस्सा संपायच्या आत दुसरीचा सुरू! तिथं हसून हसून पोट दुखतं, आणि घरात येऊन दार लावलं की रडू येतं. म्हटलं, आठवतायत तोवर लिहून ठेवावेत. मी सातवी शिकलेली, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मामला एवढाच, की आमच्या घरांखालची जागा सरकारी. आजेसासऱ्यांच्या काळात ती भाडेपट्ट्यानं मिळाली, वर घर त्यांनी बांधलं. पट्ट्याची मुदत कधीच संपली. मुदतवाढ मिळाली तर राहायचं, नाहीतर जागेबरोबर घरही गेलं. आणि माझ्या पदरात पाच वर्षांची स्वरा. दारावर कुणी अनोळखी थाप मारली तरी मी आधी तिला उचलून घेते.

*

आमच्या ह्यांना फौंड्रीतून सुट्टी मिळत नाही, म्हणून फाईल माझ्या काखेत. पहिल्याच दिवशी क्लार्कनं विचारलं, "पट्टा कुणाच्या नावावर?"

"आजेसासऱ्यांच्या."

"त्यांना घेऊन या."

"ते वारले, साहेब."

क्लार्कनं पेन खाली ठेवलं. "पट्टा संपायच्या आधी वारले का नंतर?"

"आधी."

"मग जायच्या आधी मुदतवाढ मागायला काय झालतं त्यांना?"

मी इतकी घाबरले होते, की म्हणाले, "चुकलं त्यांचं!"

*

मग वारसांच्या सह्या. ह्यांची आत्या चंदगडला दिलेली. 'माझा हक्क सोडते' म्हणून तिची सही हवी. धो धो पावसात एसटीनं गेले. घाटात स्वरा दोनदा ओकली. आत्यांनी आधी गरम भात वाढला, मग कागद बघितला.

"करते की सही. पण मग दिवाळीला कुठल्या हक्कानं यायचं गं मी?"

मग त्यांनीच माझ्या पाठीवर हात फिरवला आणि सही करून टाकली.

ऑफिसात क्लार्क म्हणाला, "सासरचं नाव चालत न्हाय. माहेरच्या नावानं सही पायजे."

परत एसटी, परत पाऊस. या खेपेला आत्या पेन धरून नुसत्याच बसल्या. म्हटलं, राग आला असेल. विचारलं, "काय झालं, आत्या?"

"थांब जरा. चाळीस वर्सं झाली ते नाव लिवून. आठवू दे."

*

मोजणीवाले आले तो दिवस तर विसरणारच नाही. दिवसभर टेप धरून शेवटी म्हणाले, की गल्लीतलं प्रत्येक घर कागदापेक्षा तीन फूट पूर्वेला सरकलंय! म्हणजे माझा गॅस अक्कांच्या जागेत, अक्कांचा कडेच्या अण्णांच्या जागेत, आणि अण्णांची मोरी थेट रस्त्यात.

अक्का म्हणजे माझ्या शेजारीण. आवाज असा, की कुजबुजल्या तरी चौकात ऐकू जावं. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "व्हय गं बाई, म्हणजे इतकी वर्सं तुझा सैपाक माझ्या जागेत चाललाय? एकदा तरी जेवायला बोलवायचं की!"

अख्खी गल्ली हसली. मोजणीवाले हसले नाहीत. त्यांनी प्रत्येक घरापुढं 'अतिक्रमण' लिहिलं.

*

शेवटी देव. नृसिंहवाडीला गेलो, दर्शनाच्या रांगेत उभे राहिलो. हे हात जोडून पुटपुटत होते, "महाराजा, मुदतवाढ दे. मुदतवाढ तेवढी दे."

मागच्या म्हाताऱ्यानं ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, घरात कोण आजारी आहे असं विचारणार.

"पावणं, कुठल्या टेबलाला अडकलीया फाईल? आमचीबी अडकलीया."

*

गल्लीत पहिलं पत्र आलं ते कडेच्या घरातल्या अण्णांना. जैनांचं घर, अण्णा शिस्तीचे, एक कागद कमी नाही. दहा वर्षांची मुदतवाढ! अण्णांनी घरटी पेढे वाटले. मी तर पेढा देवापुढं ठेवला. वाटलं, आता आमचंही होणार.

संध्याकाळी अण्णांनी चष्मा लावून सगळं पत्र वाचलं. दहा वर्षं आजपासून नव्हती, जुना पट्टा संपला त्या दिवसापासून होती. त्यातले तीन महिने उरले होते.

अण्णा ऑफिसात गेले. क्लार्कनं उठून हात मिळवला. "नवीन अर्ज लगेच टाका, अण्णा. आता तुमास्नी अनुभव हाय!"

*

आता आमचं.

क्लार्क म्हणाला होता, घराचा कच्चा नकाशा जोडा, हातानं काढलेला चालतोय. मी स्वराची पट्टी घेऊन बसले. पुढची खोली, स्वयंपाकघर, मोरी, वर पत्रा. दूध उतू जाईल म्हणून मधेच उठले. परत येऊन घाईघाईत कागद फाईलमध्ये सारला, बस गाठली, शिक्का मारून घेतला.

काही महिन्यांनी नोटीस आली. 'नकाशात दर्शविलेला जिना व वरच्या मजल्यावरील खोली विनापरवाना आहे. पंधरा दिवसांत खुलासा करावा. तोवर मुदतवाढीची कार्यवाही स्थगित.'

आमच्या घराला जिनाच नाही! ऑफिसात जाऊन फाईल उघडून घेतली. माझ्या नकाशावर पेन्सिलीचा जिना, वर खोली, खोलीला खिडकी, खिडकीत मांजर.

घरी येऊन स्वराला विचारलं. "ती माझी खोली हाय," ती म्हणाली. मी हात उगारला आणि खाली घेतला.

खुलासा लिहून दिला, की हे लेकराचं चित्र आहे. क्लार्क म्हणाला, "साहेब जागेवर येऊन बघतील."

साहेब आले. गल्ली गोळा झाली. साहेबांनी नकाशा बघितला, पत्रा बघितला, परत नकाशा बघितला. अक्कांची शिडी मागवून वर डोकावले.

"मजला कुठाय?"

"नव्हताच, साहेब. लेकरानं पेन्सिलीनं चितारलाय. पत्रा बघा की, आमच्या लग्नाआधीचा हाय."

साहेब हसले. चहा घेतला. स्वराच्या गालाला हात लावून "हुशार हाय" म्हणाले. ते गेल्यावर कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवले.

आठवड्यात पत्र आलं. अक्का म्हणाल्या, "मोठ्यानं वाच, सगळ्यांस्नी ऐकू दे." मी नळावरच उभी राहून वाचलं.

'स्थळपाहणीत वरचा मजला जागेवर आढळून आला नाही. सबब तो परस्पर पाडल्याचे दिसून येते. पाडकामाची परवानगी घेतली होती काय, याचा खुलासा करावा. तोवर कार्यवाही स्थगित.'

कुणीच हसलं नाही.

स्वरानं माझा पदर ओढला. "आई, मग मांजर कुठं गेलं?"