धावपट्टीवरच्या कुरडया

लढाईच्या दिवसांत नगरजवळ, आमच्या रानाला लागून असलेल्या धावपट्टीवर मी कुरडया वाळत घातल्या. नवी सून, अक्कल बेताची. विमान क्वचित येई आणि सिमेंट छान तापे. तिथला ओव्हरसियर मात्र आमच्याकडं पाणी पितानाही म्हणे, "उद्या इथं विमानांची रीघ लागंल, वहिनी." मग तांब्या हवेतून फिरवून ओट्यावर अलगद उतरवी. धावपट्टी वाढणार म्हणून मीच जास्त खूश, वाळवणाला आणखी जागा होईल म्हणून.

त्या वाढीला मंजुरी द्यायला मोठे साहेब आले, कुरडया पाहून हसले आणि नकार देऊन गेले. मी ओशाळून त्याच कुरडया तळून ओव्हरसियरपुढं ठेवल्या. एक मोडत तो म्हणाला, "वाढीत तुमचंच रान जाणार हुतं, वहिनी. आता पापड बी वाळवा."