मागच्या दारांची वाट

वाणीकाकू कुणाच्याही घरी गेली की आधी बसायची नाही. तरातरा आत जाऊन मागचं दार ढकलून बघायची आणि कडी गंजलेली दिसली की घरच्या सुनेला फैलावर घ्यायची. "पूर आला मंग काय करशीला? कडीला तेल लाव." तेल अर्थात तिच्याच दुकानातलं.

निजामाच्या अमलातलं आमचं बीड. गल्लीची दोन्ही तोंडं बिंदुसरेकडे उतरलेली, म्हणजे नदी चढली की वाट बंद. मागे मात्र चढ होता. दारामागून दार, परसामागून परस ओलांडत गेलं की वर देशमुखांची गढी. पण गढीचं मागचं दार उघडायचं थेट स्वयंपाकघरात, आणि देशमुखीणबाई कडक सोवळ्याच्या. काकूने दोनदा जाऊन विनवलं. "तुमचा पूर तुमी बघा. माजी चूल कावून बाटवता?" एवढंच उत्तर मिळालं.

पण काकूसारखी हट्टी माणसं तुम्हीही पाहिली असतील. संक्रांतीला काकूने आम्हा सुनांना हळदीकुंकवाची ताटं देऊन मागच्या दारांनीच वर पाठवलं. हळदीकुंकू घेऊन आलेल्या सवाष्णीला दारातून परत कोण लावणार? देशमुखीणबाईंनी नाक मुरडत कडी काढली. काकू विधवा, तिच्या हाती ताट नव्हतं. ती मागून ओरडत होती, "लेकरं कडेवर घ्या गं. म्हाताऱ्या पुढं."

"म्हाताऱ्या कशाला, काकू?"

"बसून बसून आखडल्यात लई."

मग दर संक्रांतीला, दर चैत्रात हेच. आमची हसून हसून पुरेवाट व्हायची.

एका श्रावणात भरदुपारी बिंदुसरा गल्लीत शिरली. कुणी आरडाओरडा केला नाही. लेकरं कडेवर आली, म्हाताऱ्या पुढे झाल्या आणि अख्खी गल्ली सवयीने वर निघाली. गडीमाणसं आमच्या मागून, कारण वाट आम्हालाच ठाऊक. माझी सासू तेवढी देवघर सोडेना. काकूने तिला सरळ पाठुंगळी घेतलं. "देवाला पवता येतं, तुला न्हाई," म्हणाली.

घरं पडली, माणूस एकही गेलं नाही. देशमुखीणबाई चिखलाने माखलेल्या आम्हाला त्याच स्वयंपाकघरात भाकरी वाढत होत्या. काकूकडे बघून मला असा अभिमान वाटला की रडूच फुटलं.

पुढे काकू म्हातारपणाने गेली. आम्ही बायका तिच्या घरी बसलो होतो, तेवढ्यात मागच्या बाजूला काठी वाजली. जन्मात गल्लीत पाऊल न टाकलेल्या देशमुखीणबाई एकेकीचं परस ओलांडत खाली आल्या होत्या.